घोडीला मराठी कळायचं

आज तुमच्याशी कवितेविषयी बोलावं, असं मला सुचवण्यात आलं होतं. पण मी बोलणार आहे घोड्यांविषयी. कविता त्यात कुठंतरी येईलच. नाही आली तरी फार बिघडणार नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीनं माझं नाव एका शिबिरात परस्पर नोंदवून टाकलं. ती पुण्यात नोकरी करते. शनिवार-रविवार, फक्त बायकांसाठी, घोड्यांची निगा, रपेट आणि ‘वेलनेस’. तो शेवटचा शब्द वाचून मला हसू आलं. आमच्या घरी घोडी होती तेव्हा वेलनेस नव्हता, उधारी होती. मी मुलीला म्हटलं, ‘‘या वयात मी घोड्यावर बसू? लोक काय म्हणतील?’’ ती म्हणाली, ‘‘अम्मी, तू नानांच्या घोडीबद्दल सांगायला लागतेस आणि प्रत्येक वेळी मधेच गप्प होतेस. एकदा जाऊन ये.’’

तेव्हा आधी ते गप्प होणं सांगते.

माझे वडील मिरजेला टांगा हाकत. जंक्शनवर गाडी आली की बाहेर टांग्यांची रांग लागायची. दवाखान्याला येणारे पेशंट, दर्ग्याला येणारे भाविक, सतार खरेदीला आलेले गवई असे सगळे टांग्यात बसायचे. आमच्या घोडीचं नाव चांदणी. कुमैत रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. घराला लागूनच पत्र्याचं छप्पर होतं, तेच तिचं ठाण. माझी झोपायची जागा आणि तिचं ठाण यांच्यात एक भिंत आणि एक खिडकी. मी तिच्या श्वासाच्या आवाजात मोठी झाले. पण अब्बांचा एक नियम होता. मुलींनी ठाणात पाऊल टाकायचं नाही. खरारा, वैरण, लीद काढणं ही कामं भावाची. मी खिडकीतून बघायची.

आणखी एक गोष्ट. आम्ही घरात दखनी बोलायचो. अब्बा अम्मीशी दखनी, आमच्याशी दखनी. पण चांदणीशी मात्र मराठी. कारण ती जतकडच्या एका शेतकऱ्याकडून घेतलेली होती आणि मराठीत वाढली होती. ‘‘तिला आपली बोली समजत नाही,’’ असं ते अगदी गंभीरपणे सांगायचे. म्हणून ‘सोन्या’, ‘माझी बाय’, ‘दमलीस का गं’ हे शब्द मी घरात ऐकले ते घोडीला उद्देशून. मला विचारतात, तुम्ही मुसलमान असून मराठीत कशा लिहिता? मी काहीतरी साहित्यिक उत्तर देते. खरं उत्तर हे आहे की, माझ्या घरात मायेची भाषा मराठी होती आणि ती मी खिडकीतून चोरून ऐकलेली होती.

१९८७ मध्ये मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला गेले. प्रवेश अर्जावर एक रकाना होता, वडिलांचा व्यवसाय. मी लिहिलं, ‘वाहतूक’. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. तोवर रिक्षा वाढल्या होत्या आणि टांग्यात बसायला माणूस उरलं नव्हतं. त्याच वर्षी एके दिवशी मी कॉलेजातून घरी आले तर ठाण रिकामं. चांदणी वरातीच्या घोडेवाल्याला विकली होती. त्या पैशातून माझी फी भरली गेली, हे मला कोणी सांगितलं नाही. पण माझ्या हातात पावती होती आणि भिंतीपलीकडे श्वास नव्हता. अब्बा पुढं एका कारखान्यात रात्रपाळीचे राखणदार झाले. २००४ मध्ये ते गेले. पुढं माझी पुस्तकं आली. त्यांच्या मलपृष्ठावर माझा परिचय छापलेला आहे, ‘सामान्य मध्यमवर्गीय कुटुंबात जन्म’. ते वाक्य मीच लिहून दिलं होतं.

तर अशी मी, पुण्याच्या पश्चिमेला डोंगराच्या कुशीतल्या त्या तबेल्यात शनिवारी पहाटे पोचले. आम्ही चौदा जणी होतो. सर्वांत लहान बाविशीची, सर्वांत मोठी एकसष्टची. एक भूलतज्ज्ञ डॉक्टर, दोन शिक्षिका, तिघी संगणकवाल्या, एकीचे कर्करोगावरचे उपचार नुकतेच संपलेले. ओळख करून देताना प्रत्येकीनं का आलो ते सांगायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, ‘‘लेखनासाठी अनुभव घ्यायला.’’ पुन्हा तेच. वाहतूक!

मला वाटलं होतं, लगेच घोड्यावर बसवतील. पण प्रशिक्षिकेनं, तिशीच्या आतबाहेरच्या एका शिडशिडीत मुलीनं, आमच्या हाती फावडी आणि घमेली दिली. आधी लीद काढा. संगणकवाल्या एकमेकींकडे बघू लागल्या. ती म्हणाली, ‘‘लीद बघायला शिका. घोड्याला उलटी करता येत नाही. त्याचं पोट आकाराच्या मानानं लहान आणि आतडी लांबच लांब. एकदा काही अडकलं की जिवावर बेततं. म्हणून लीद दिसली की अर्धी काळजी मिटते.’’

हातातलं घमेलं तसंच धरून मी उभी राहिले. मला आठ वर्षांची असतानाची एक रात्र आठवली. चांदणीच्या पोटात कळ उठली होती. ती सारखी मान वळवून कुशीकडे बघायची, पाय आपटायची, लोळायला जायची. अब्बा तिला लोळू देत नव्हते. म्होरकी धरून गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत रात्रभर चालवत होते. अम्मीनं हिंग-ओवा कालवून दिला होता. फजरची अजान झाली तेव्हा गल्लीच्या कोपऱ्यावरून अब्बांचा आवाज आला, ‘‘शुक्र है!’’ घोडीनं लीद टाकली होती. इतक्या घाणेरड्या गोष्टीसाठी अल्लाचे आभार मानतात म्हणून मला तेव्हा शरम वाटली होती. त्यांनी त्या रात्री काय वाचवलं होतं, ते मला पन्नाशी उलटल्यावर, फावडं हातात घेतल्यावर कळलं.

मग खरारा. मग खूर. घोड्याचा पाय उचलण्याची रीत असते. खांद्यावर हात ठेवायचा, तो न उचलता खाली सरकवत न्यायचा, घोट्याच्या वर हलकेच दाबायचं. घोडा आपण होऊन पाय देतो. ओढायचं नाही. खूर वरून दगडासारखा दिसतो, पण त्याच्या तळाशी त्रिकोणी, रबरासारखी एक मऊ गादी असते. घोडा पाऊल टाकतो तेव्हा ती दाबली जाते आणि पायातलं रक्त वर चढायला मदत होते. म्हणून घोडा बांधून ठेवला की आधी पायांनी बिघडतो. तिथं अडकलेला खडा, माती, लीद आकड्यानं काढायची, टाचेकडून बोटाकडे. वास येतोय का बघायचं. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवायचं. शाळेत आपण सगळेच ते कोडं शिकलो आहोत. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? न फिरवल्यामुळं. माझ्या शेजारची शिक्षिका खूर साफ करता करता म्हणाली, ‘‘आणि बाई का अडली?’’ सगळ्या हसलो. हसून झाल्यावर कोणी काही बोललं नाही.

माझ्या वाट्याला आलेली घोडी होती डेझी. करड्या रंगाची, उंच, शर्यतीतून निवृत्त झालेली. शर्यतीचे घोडे दोन-तीन वर्षांचे असतानाच धावू लागतात आणि बऱ्याच जणांची कारकीर्द सहा-सात वर्षांच्या आतच संपते. नीट सांभाळलं तर घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. म्हणजे काम संपल्यावर आयुष्य उरतं ते तिपटीनं. त्या उरलेल्या आयुष्याचं करायचं काय, हा प्रश्न आमच्यातल्या निम्म्या जणींना नवा नव्हता.

तिथला मोतद्दार साठीचा होता. सगळ्या त्याला मामा म्हणत. मी डेझीला खरारा करत होते. एक बाजू झाली, दुसऱ्या बाजूला जायचं म्हणून मागून वळसा घातला. मामा लांबून बघत होते. जवळ येऊन म्हणाले, ‘‘ताई, तुमच्या घरी जनावर होतं.’’

मी म्हटलं, ‘‘कशावरून?’’

‘‘बाकीच्या चार हात लांबून फिरल्या. तुम्ही पुठ्ठ्यावरचा हात न उचलता, अंगाला अंग लावून गेलात. हे पुस्तकात वाचून येत नाही.’’

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळं त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते फक्त नाकासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं. म्हणून टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात आणि म्हणूनच मागून जाताना एक तर खूप लांबून जायचं, नाहीतर हात ठेवून अगदी चिकटून. म्हणजे त्याला कळतं, हे माणूस माझंच आहे. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी खिडकीतून रोज बघितलं होतं. ठाणात न जाताही मी ठाण शिकले होते. मामांना मात्र मी म्हणाले, ‘‘नाही हो, असंच.’’

दुपारी सावलीत गप्पा रंगल्या. मी घोड्याशी निगडित शब्दांविषयी बोलले. तेवढं तरी मला येतं. लगाम, जीन, खोगीर, चाबूक, तोबरा, पागा हे फारसी. रिकीब आणि नाल मूळचे अरबी. खूर संस्कृतातून आलेला. टाप, वैरण, दावं, खुंटा हे आपले घरचे. भीमथडीच्या तट्टांवर बसून मराठी फौजा हिंडल्या, त्या तट्टाच्या अंगावर या साऱ्या भाषा एकत्र नांदत होत्या. अंगावर चढलेलं परकं आणि पायाखालचं आपलं, असा भेद घोड्यानं कधी केला नाही. लहानपणी मी कुराणातली जी सूरा पाठ केली, तिच्यात धावत्या घोड्यांची शपथ आहे आणि वारीच्या रिंगणात माउलींचा अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती बायाबापड्या कपाळाला लावतात. मला या दोन्ही गोष्टी एकाच वयात कळल्या आणि त्यात काही विसंगत आहे असं वाटलं नाही.

भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं, आपल्याकडे बायका खरंच घोड्यावर बसायच्या का? मी त्यांना बायजाबाई शिंद्यांविषयी सांगितलं. कागलच्या घाटग्यांची ही लेक, दौलतराव शिंद्यांची पत्नी. १८३५ मध्ये त्या ग्वाल्हेर सोडून फतेहगडला तळ टाकून होत्या. तिथं फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई त्यांना भेटायला यायची. तिनं आपल्या प्रवासवर्णनात हा प्रसंग लिहून ठेवलाय. ते पुस्तक १८५० मध्ये निघालं. इंग्रज बायका तेव्हा दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसायच्या. मराठा बायका पुरुषांसारखी मांड टाकून बसत. तळावरच्या बायकांना पार्क्सबाईंची ती एकांगी बैठक बघून मोठी गंमत वाटली. मग पार्क्सबाईंनी मराठी पेहराव करून मांड टाकून बघितली आणि हीच रीत अधिक सुखाची, असा कौल देऊन टाकला. मिरजेपासून कागल काही फार लांब नाही. आणि तरी तिथून जवळच वाढलेल्या मला पन्नाशीपर्यंत घोड्याला हात लावता आला नव्हता. इतिहासात जे राणीला सोपं असतं ते टांगेवाल्याच्या मुलीला असतंच असं नाही.

आता त्या वेलनेसविषयी. प्रशिक्षिका प्रामाणिक होती. ती म्हणाली, ‘‘घोडा तुमचा आजार बरा करत नाही. तसं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.’’ मग तिनं लिस हार्टेलची गोष्ट सांगितली. डेन्मार्कची ही घोडेस्वार. १९४४ मध्ये गरोदर असताना तिला पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालचे पाय कायमचे गेले. तिनं पुन्हा स्वारी शिकून घेतली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या प्रकारात स्त्रियांना प्रथमच उतरता आलं. त्यात घोड्याला अगदी सूक्ष्म इशाऱ्यांवर चालवायचं असतं. हार्टेलला घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणसं लागत. तिनं पुरुषांच्या बरोबरीनं उतरून रौप्यपदक मिळवलं आणि १९५६ मध्ये पुन्हा मिळवलं. तिच्या यशानंतर अपंगांसाठी स्वारीचे उपचार युरोपात जोमानं वाढले. त्यामागचं कारण साधं आहे. घोडा संथ चालतो तेव्हा वर बसलेल्याची कंबर जवळपास तशीच हलते, जशी स्वतः चालताना हलते. ज्याला चालता येत नाही, त्याच्या शरीराला घोडा चालण्याची आठवण करून देतो.

रविवारी सकाळी मी डेझीवर बसले. म्हणजे ठोकळ्यावर उभं करून मला बसवलं. जमीन एवढी खाली असते हे टांग्याच्या पाठीमागच्या बाकावरून कधी कळलं नव्हतं. मामा लगाम धरून पुढं. प्रशिक्षिका म्हणाली, तिला चालायला सांगा. मी टाचेनं हलकेच दाबलं, शिकवलेला इंग्रजी शब्द उच्चारला. डेझी ढिम्म. पुन्हा सांगितलं. तिनं एक कान मागं वळवला आणि तशीच उभी. प्रशिक्षिका हसून म्हणाली, ‘‘मॅडम, तुम्ही श्वास रोखून धरलाय. मांड्या आवळल्यात. अंग ‘थांब’ म्हणतंय आणि तोंड ‘चल’. ती अंगाचं ऐकणार.’’

मी श्वास सोडला. आणि काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून आलं, ‘‘चल गं माझी बाय. दमलीस का?’’ ती चालू लागली. मराठी तिला कळत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तबेल्यात सारा कारभार इंग्रजी-हिंदीत. ती चालली ती मी श्वास सोडला म्हणून. पण मैदानाला दोन फेऱ्या होईपर्यंत मी डोळे पुसत होते. मामा मागं न बघता लगाम धरून चालत राहिले. जनावराबरोबर आयुष्य काढलेल्या माणसाला कधी मागं बघायचं नाही, हे कळतं.

समारोपाला पुन्हा गोल बसलो. कर्करोगातून उठलेल्या बाई म्हणाल्या, ‘‘वर्षभर सगळे माझ्याकडे काळजीनं बघत होते. या जनावरानं बघितलं नाही, म्हणून बरं वाटलं.’’ मग माझी पाळी आली. मी म्हणाले, ‘‘काल मी खोटं सांगितलं. मी अनुभव घ्यायला आलेली नाही. माझे वडील मिरजेला टांगा हाकत. त्यांची घोडी विकून मी बी.ए. झाले.’’

तुम्हाला वाटेल, मग काही मोठं घडलं. नाही. कोणी दचकलं नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकसष्टच्या आजी म्हणाल्या, ‘‘हो का? माझे वडील गिरणीत होते,’’ आणि चहा आला. जवळजवळ चाळीस वर्षं जे सांभाळून लपवलं, त्याचं तिथं कोणाला काही ओझंच वाटलं नाही. मामा मात्र निघताना म्हणाले, ‘‘काल विचारलं तेव्हाच सांगायचं नाही का ताई?’’ त्यांच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रात्री मी भावाला मिरजेला फोन केला. चांदणीचं पुढं काय झालं, हे मी त्याला कधीच विचारलं नव्हतं. तो म्हणाला, ‘‘तिचं काय झालं मलाबी म्हाईत नाही. पण अब्बा दोनदा एस.टी.नं जाऊन तिला बघून आले होते. तुला सांगू नको म्हणाले.’’ त्यांनी मला ठाणात का येऊ दिलं नाही, तेही मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. माझ्या अंगाला घोड्याचा वास लागू नये म्हणून, की मुलीची जात म्हणून, की या धंद्यातून मी तरी सुटावं म्हणून? आता सांगणारा नाही. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात असू शकतात, एवढंच मला आता वाटतं.

जाता जाता एक विनंती. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांतली मौजेची रपेट २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवली. घोड्यांचे हाल बघता ते योग्यच होतं. पण माथेरान, महाबळेश्वरला घोडे अजून आहेत आणि त्यांच्यावर घरं चालतात. पुढच्या सुटीत तुम्ही मुलाला घोड्यावर बसवाल, तेव्हा आधी एक मिनिट थांबा. खोगिराखाली पाठ सोलवटलेली नाही ना, घोडा लंगडत नाही ना, त्याला प्यायला पाणी कुठं आहे, एवढं बघा. घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी सहज लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. जनावर ठीक नसेल तर बसू नका. ठीक असेल तर घासाघीस करू नका. आणि घोडेवाल्याला घोड्याचं नाव विचाराल, तेव्हा त्याचंही विचारा. त्याच्या घरी कदाचित एखादी मुलगी असेल, अर्जातल्या एका रकान्यापाशी पेन धरून थांबलेली. तिच्या वडिलांचा व्यवसाय तिला सरळ लिहिता यावा.

माझं पुढचं पुस्तक निघेल तेव्हा मलपृष्ठावरचं ते वाक्य बदललेलं असेल. तेवढं मी ठरवलंय.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)